नव्या शाळेत मुलाने स्वतःची ओळखच बदलली आहे. पालकांनी कुठे अडवावे आणि कुठे सोडून द्यावे?

प्रश्न : येरळाकाठ

नमस्कार. मुलाविषयी सल्ला हवा आहे. परिस्थिती नीट कळावी म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आमचे मूळ गाव खानापूर तालुक्यात आहे आणि माझे यजमान गलाई व्यवसायानिमित्त अनेक वर्षांपासून कोइम्बतूरला असतात. जुने दागिने वितळवून, नायट्रिक आम्लाने सोने शुद्ध करून सराफांना देण्याचे हे काम आमच्या भागातील किती कुटुंबे देशभर करतात, हे सांगली जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. मुलाचा जन्म आणि आठवीपर्यंतचे शिक्षण कोइम्बतूरलाच झाले. दहावी महाराष्ट्रात व्हावी आणि आजी-आजोबांचा सहवास मिळावा, या विचाराने या जूनमध्ये मी त्याला घेऊन सांगलीला, विश्रामबागेत माझ्या माहेराजवळ राहायला आले. येथे त्याला नववीत प्रवेश मिळाला.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. त्याचे मराठी घरातले, आजीशी फोनवर बोलण्यापुरते होते. "माझा वही", "तो पेन्सिल" असे काही तोंडून गेले की वर्गात हशा पिकत असे, आणि एक शिक्षकही त्यात सामील होत असत. 'मद्रासी' हे नाव पहिल्याच आठवड्यात पडले. डब्यात दहीभात नेणे त्याने आपणहून बंद केले. तेव्हा तो रोज घरी येऊन सगळे सांगत असे, म्हणून मला हे माहीत आहे.

गणेशोत्सवाच्या सुमारास हे सांगणे थांबले आणि मुलगा झपाट्याने बदलू लागला. वर्गात पलूस आणि वाळवा भागातून येणाऱ्या, घरी ऊस आणि दारात मोटारसायकल असणाऱ्या मुलांचा एक गट आहे. त्या गटात त्याला जागा मिळाली. आता तो "काय मर्दा", "लई भारी", "जातूय की" असे बोलतो. माझ्या सासूबाई जन्मभर गावात राहिल्या, त्यांच्या बोलण्यापेक्षाही याचे बोलणे अधिक ठसठशीत आहे. केस बाजूने बारीक कापले आहेत, हातात कडे आले आहे. बैलगाडा शर्यतींच्या रील्स तो तासन्‌तास पाहतो, बैलांची नावे त्याला पाठ आहेत, आणि प्रत्यक्षात बैलाजवळ जायला तो अजूनही घाबरतो. कोइम्बतूरला तो बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळत असे. तो पट आता कपाटावर आहे आणि त्याविषयी कोणी विचारले तर चिडतो. तिकडच्या मित्रांचे फोन तो घेत नाही.

इथपर्यंत मी समजू शकते. मला अस्वस्थ करणाऱ्या गोष्टी पुढच्या आहेत. पालकसभेत इंग्रजीच्या शिक्षिकेने सांगितले की तो वाचताना फार अडखळतो, त्याच्याकडे लक्ष द्या. हा मुलगा पहिलीपासून इंग्रजी माध्यमात शिकला आहे आणि घरी सहज वाचतो; वर्गात तो मुद्दाम अडखळतो, हे त्याने नंतर माझ्याजवळ कबूल केले. दुसरे असे की, आम्ही मुंबईहून आलो आणि वडिलांचे झवेरी बाजारात दुकान आहे, असे त्याने मित्रांना सांगितले आहे. हे मला एका मित्राच्या आईकडून, तिच्या साध्या चौकशीतून कळले. तिसरे, गटातील मुले परवान्याशिवाय मोटारसायकली चालवतात आणि हाही मागे बसतो. पुढेही बसत असावा असा संशय आहे. डिसेंबरमध्ये वाढदिवस आहे, त्या दिवशी चौकात फोटोसह फ्लेक्स लावण्याचे ठरत आहे म्हणे.

आणि शेवटचे. दिवाळीला त्याचे वडील येणार आहेत. मागच्या आठवड्यात त्याने त्यांना फोनवर सांगितले, "बाबा, इथे माझे मित्र असतील तेव्हा तमिळ बोलू नका." त्यांच्या कारागिरांचे आणि गिऱ्हाइकांचे फोन दिवसभर येत असतात आणि ते सगळे तमिळमध्येच असतात. यजमान हसले, "बरं" म्हणाले, आणि त्यानंतर दोन दिवस माझ्याशीही नीट बोलले नाहीत.

मी त्याच्या मित्रांना खरे काय ते सांगून टाकावे का? शाळेत जाऊन बोलावे का? की हे वय असेच असते असे म्हणून गप्प बसावे? अनुभवी लोकांनी कृपया लिहावे.

उत्तर १ : तासगावचे मास्तर

ताई, मी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. आपल्या प्रश्नातील एका गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्यांचे लक्ष मोटारसायकलीकडे आणि फ्लेक्सकडे जाईल.

मुद्दाम अडखळत इंग्रजी वाचणारी मुले मी पाहिली आहेत, आणि ती कधीच मंद नव्हती. साठ मुलांच्या वर्गात जो अस्खलित वाचतो त्याला शिक्षक रोज उभे करतात, पाहुणे आले की त्यालाच पुढे करतात, आणि महिनाभरात तो 'सरांचा' होतो. बाहेरून आलेल्या मुलाला हे परवडत नाही. आपल्या मुलाने चार महिन्यांत वर्गाचे हे गणित अचूक ओळखले आहे आणि कोणती वस्तू लपवली म्हणजे जागा मिळते, याचा हिशेब केला आहे. हे कौतुकाने सांगत नाही. परंतु जो मुलगा एवढे नेमके पाहतो तो वाहवत चाललेला नाही, असे मला वाटते. काळजीची गोष्ट एवढीच आहे की पुढील वर्षी दहावी आहे, आणि वर्षभर न वापरलेले कौशल्य खरोखरच गंजते. म्हणून इंग्रजीच्या शिक्षिकेला एकटे भेटा, खरी परिस्थिती सांगा आणि त्याला वर्गासमोर वाचायला न लावता लेखी कामातून पारखावे अशी विनंती करा. समजूतदार शिक्षक हे नक्की करतात. वर्गशिक्षकांनाही 'मद्रासी' या नावाबद्दल आणि त्यात सामील होणाऱ्या सहकाऱ्याबद्दल अवश्य सांगा. परंतु वर्गात जाऊन किंवा मित्रांसमोर त्याचे पितळ उघडे पाडू नका. ज्या मुलाने चार महिने खपून उभी केलेली प्रतिमा आईने पाच मिनिटांत मोडली, तो मुलगा पुढे आईला काहीही सांगत नाही.

भाषेबद्दल थोडे बोलतो, कारण तो माझा विषय आहे. "माझा वही" या चुकीवर हसणाऱ्यांना कारण ठाऊक नसते. मराठीत निर्जीव वस्तूंनाही पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग असते. तमिळमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या एकाच वर्गात मोडतात, त्यामुळे वही स्त्रीलिंगी का आणि कागद पुल्लिंगी का, हे तमिळ परिसरात वाढलेल्या मुलाला ऐकून ऐकून एकेका शब्दागणिक शिकावे लागते. त्याने ते काही महिन्यांत बऱ्यापैकी आत्मसात केलेले दिसते. बोली त्याने वर्गाच्या गटाची उचलली, प्रमाण मराठी उचलली नाही, हेही स्वाभाविक आहे. कान ज्या माणसांकडे असतो त्यांचीच भाषा तोंडी येते. त्याला आडकाठी करू नका. फक्त निबंध लिहिताना कोणते रूप वापरायचे, एवढे त्याला ठाऊक असले म्हणजे पुरे.

आता आमच्या सांगलीबद्दल. बाहेरची भाषा येणे ही येथे कमीपणाची गोष्ट कधी नव्हती. कर्नाटकातील भागवत मंडळींचे नाट्यखेळ १८४२ च्या सुमारास सांगलीत झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक श्रीमंत चिंतामणराव पटवर्धनांनी तसे मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी रंगभूमीचा पहिला प्रयोग केला. ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आपण त्याचाच साजरा करतो. पलीकडे मिरजेत उत्तरेतील कैराना गावाहून आलेले गायक अब्दुल करीम खाँ स्थायिक झाले. जत भागात आजही घरोघरी कन्नड बोलली जाते. तमिळचे म्हणाल तर तंजावरला व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते, तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे ढीग आहेत. तमिळ आणि मराठी दोन्ही येणाऱ्या मुलाला इतिहासाच्या प्रकल्पासाठी याहून चांगला विषय कोणता? वर्गशिक्षकांशी बोलून असे काही जुळवता आले तर पाहा.

आणि बुद्धिबळ! ते तर त्याने लपवायचे काहीच कारण नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत या खेळासाठी आयुष्य वेचले, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना देशभरातून खेळाडू येत आले आहेत, आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीच्याच. मुलाला बहुधा वाटत असावे की बुद्धिबळ ही कोइम्बतूरची खूण आहे आणि ती दिसली की आपण पकडले जाऊ.

उत्तर २ : गलाईचा मुलगा

मास्तरांविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, तंजावरचा प्रकल्प करू नये. पंधरा वर्षांच्या मुलाला ज्या गोष्टीमुळे टोपणनाव पडले, तीच गोष्ट तक्त्यावर चिकटवून वर्गासमोर उभे राहायला सांगणे म्हणजे ते नाव दहावीपर्यंत पक्के करणे होय. शिक्षकांना जे गौरवाचे वाटते ते मागच्या बाकावर चेष्टेचे होते. बुद्धिबळाचे मात्र पटले. तेथे वेगळी मुले भेटतील आणि त्या मुलांना तो कोणत्या गावचा याच्याशी कर्तव्य नसेल.

मी स्वतः त्रिशूरला वाढलो. वडील गलाईतच. आठवीत विट्याला आलो तेव्हा माझेही मराठी असेच होते आणि मीही ठरवून विट्याची बोली उचलली. आज मी माझ्या मुलांशी त्याच बोलीत बोलतो, आणि ती माझी नाही असे मला कोणी म्हटले तर हसू येईल. माणूस ज्या गावात राहतो तेथला होण्याचा त्याला अधिकार आहे. त्यामुळे केस, कडे, बोलणे, बैलांची नावे यांबद्दल एक अक्षरही काढू नका. मल्याळम मी तेव्हा लपवली. पुढे कामानिमित्त केरळात परत जावे लागले तेव्हा ती जशीच्या तशी जागेवर होती. भाषा अशी जात नाही.

झवेरी बाजाराची गोष्ट वेगळी आहे, आणि तीही नीतीच्या नव्हे तर व्यवहाराच्या कारणाने. सांगलीत ही थाप टिकणार नाही. विटा, लेंगरे, भाळवणी, आटपाडी येथील कोणाचा ना कोणाचा मामा कोइम्बतूरला असतो आणि कोणाचा ना कोणाचा चुलता झवेरी बाजारात असतो. एखादा मुलगा सहज विचारेल, "कुठल्या गल्लीत रं दुकान?", आणि तेथून पुढे एकामागून एक थापा माराव्या लागतील. खोटे बोलल्याची टोचणी त्या वयात फारशी लागत नाही. त्रास होतो तो त्या थापा सांभाळण्याचा. मित्र घरी आणता येत नाहीत, आई आणि मित्र एका ठिकाणी आले की छातीत धडधडते, आजी काय बोलून जाईल याचा नेम नसतो. हे ओझे त्याला आताच जाणवत असणार. वडिलांना फोन केला तो त्यातूनच.

म्हणून त्याला उपदेश न करता सुटकेचे एक वाक्य द्या. चारचौघांत कबुलीजबाब देण्याची गरज नाही. मित्रासोबत सायकलवरून येताना, दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता, "मुंबईत आमचे पाहुणे असतात, आम्ही कोइम्बतूरला होतो, तिकडंच दुकान हाय," एवढे म्हणून पुढच्या विषयाकडे वळायचे. मुले अशा गोष्टी आश्चर्यकारक वेगाने पचवतात, सांगणाऱ्याने त्याचा समारंभ केला नाही तर. आणि सोने गाळून कोइम्बतूरमध्ये दुकान उभे करणारा बाप ही सांगलीत लाजेची गोष्ट नाही, उलट पहिला प्रश्न "किती तोळं असतंय दुकानात?" हाच येईल. त्याला हे ठाऊक नाही, कारण गलाईवाल्यांना आपल्या मुलखात काय मान आहे हे तो येथे वाढला नसल्याने त्याने पाहिलेलेच नाही. दिवाळीत गावी न्या, बंगले कोणाचे आहेत ते दाखवा.

येरळाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. इंग्रजीच्या बाईंना मी भेटले; त्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि पुढील महिन्यापासून त्याला मोठ्याने वाचायला न सांगण्याचे मान्य केले. बुद्धिबळाविषयी चौकशी करते आहे.

वर्गात जत तालुक्यातील एक मुलगा आहे, घरी कन्नड बोलणारा, सांगलीत मामांकडे राहून शिकणारा. तो त्या गटात नाही. तो एकदाच घरी आला होता, तेव्हा आमच्या फ्रिजवर चिकटवलेले तमिळ कॅलेंडर पाहून "हे कुठलं?" असे त्याने विचारले, आणि माझ्या मुलाने, मला आश्चर्य वाटले, खरे उत्तर दिले. मात्र शाळेत दोघे एकमेकांशी फारसे बोलत नाहीत.

वडिलांच्या बाबतीत काय करावे हे अजून उमगत नाही. ते म्हणतात, "मी बाहेर जाऊन फोन घेईन, त्याला काय झालं." मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते मला त्यांना समजावता येत नाही. शिवाय एक किरकोळ अडचण : तमिळनाडूत आडनाव न लावता वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची पद्धत असल्याने तिकडच्या दाखल्यावर त्याचे नाव तसे आहे, येथील शाळेने प्रवेश देताना पूर्ण नाव लिहिले आणि आधारकार्डावर तिसरेच रूप आहे. यावरूनही वर्गात एकदा चेष्टा झाली होती.

उत्तर ३ : समुपदेशक, सातारा

ताई, मी किशोरवयीन मुलांसोबत काम करते. जतच्या मुलाचा उल्लेख वाचून मला बरे वाटले. तो का महत्त्वाचा आहे ते सांगते.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक प्रसिद्ध प्रयोग केला. समोरच्या रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेइतकी लांब आहे, एवढेच सांगायचे होते आणि उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होते. परंतु खोलीतील बाकीचे सर्व जण आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी खऱ्या सहभागींनी सुमारे एक तृतीयांश वेळा त्या चुकीच्या उत्तराला दुजोरा दिला, आणि हे सहभागी मोठी, महाविद्यालयात शिकणारी माणसे होती. पुढे खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक साथीदार बसवला, तेव्हा चुकीला मान डोलावण्याचे प्रमाण अगदीच खाली आले. पूर्ण गट आपल्या बाजूचा असावा लागत नाही. ज्याच्यासमोर काहीच लपवावे लागत नाही असा एक समवयस्क मिळाला, तर मुलगा गटात राहूनही स्वतःचे डोके शाबूत ठेवू शकतो. या दोघांची मैत्री घडवून आणण्याचा खटाटोप मोठ्यांनी करू नये. फक्त एखाद्या रविवारी जेवायला बोलवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात राहा. त्या दिवशी दहीभात केलात तरी चालेल.

किशोरवयातील ओळखीचा प्रश्न ज्यांनी मानसशास्त्रात मध्यवर्ती केला ते एरिक एरिक्सन जर्मनीत, ज्यू सावत्र वडिलांच्या घरी वाढले. उंच आणि सोनेरी केसांचे असल्याने ज्यू मुले त्यांना परके समजत आणि शाळेतील जर्मन मुले त्यांना ज्यू म्हणून चिडवत. पुढे अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी 'एरिक्सन' हे आडनाव स्वतः निवडले. ज्या माणसाने ओळखीचा सिद्धांत मांडला त्याने स्वतःला नवे नाव दिले होते, हे आपल्या मुलाबद्दल घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. एरिक्सन यांच्या मते या वयात मुलाला निरनिराळ्या भूमिका करून पाहण्यासाठी समाजाने मुदत द्यायची असते. त्या काळात घेतलेली भूमिका कायमची समजून तिच्यावर शिक्का मारला, तर तीच कायमची होण्याचा संभव वाढतो. "आता तू असाच झालास" हे वाक्य म्हणूनच घरात कोणीही उच्चारू नये.

यजमानांच्या बाहेर जाऊन फोन घेण्याबद्दल तुम्हाला जे पटत नाही, ते मला असे दिसते. मुलगा स्वतःबद्दल काय सांगतो, काय झाकतो, ही त्याची निवड आहे आणि तिची किंमतही तोच मोजतो. वडिलांनी झाकून घ्यावे असे म्हणताना तो त्या निवडीची किंमत दुसऱ्याला मोजायला लावतो आहे. तेथे अडवायला हवे, पण भाषणाने नाही. वडिलांनी आपले फोन नेहमीप्रमाणे, बसल्या जागी घ्यावेत. मुद्दाम मोठ्याने बोलू नये, आणि उठूनही जाऊ नये. मित्र येण्याच्या आदल्या दिवशी मुलाला एवढेच सांगावे की, "माझे कामाचे फोन येतील, ते मी तमिळमध्येच घेणार, तू मित्रांना काय सांगायचे ते तू ठरव." त्याला आधी कळवणे हा त्याच्याबद्दलचा आदर आहे, आणि फोन घेणे हा स्वतःबद्दलचा. या वयातील मुलांना सतत वाटत असते की सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला काल्पनिक प्रेक्षकवर्ग म्हटले. प्रत्यक्षात मित्र फराळ खात असतील आणि फोनकडे कोणाचे लक्षही नसेल, हे त्याला स्वतः पाहू द्या.

मोटारसायकलीला मात्र मुदत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये संगणकावरील गाडी चालवण्याच्या खेळातून दाखवून दिले की मित्र पाहत असताना तेरा ते सोळा वर्षांची मुले एकटी असताना घेतात त्यापेक्षा कितीतरी अधिक धोका पत्करतात, प्रौढांमध्ये हा फरक जवळजवळ दिसत नाही. म्हणजे घरी कबूल केलेले शहाणपण गटात टिकेलच असे नाही. येथे सरळ नकार द्या आणि नकाराचे कारण स्वतःकडे घ्या : "आई पोलिसांत जाईन म्हणते" असे मित्रांना सांगता आले, तर त्याची पतही राहते.

झोप उडणे, जेवण तुटणे, शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखणे, स्वतःविषयी तुच्छतेने बोलणे किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणे यांपैकी काही दिसले, तर वाट पाहू नका. जवळच्या तज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

उत्तर ४ : मिरजवाला

सर्वांनी छान लिहिले आहे, पण फ्लेक्स आणि गाडी यांचे कोणीच नीट बोलले नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. ज्यांच्या दारातल्या गाड्या आहेत त्या पालकांनाही हे ऐकवा. त्यांना वाटते की दंड पाचशे रुपये आहे.

फ्लेक्सला महापालिकेची परवानगी लागते, ती कोणी घेत नाही, तो भाग सोडा. खरा मुद्दा असा की फ्लेक्स, केक आणि फटाके यांचा खर्च गटातला जो करतो, त्याचे पुढे वर्षभर ऐकावे लागते. भांडणात उभे राहा म्हटले की उभे राहावे लागते. त्यामुळे नाही म्हणण्याऐवजी वाढदिवस तुम्हीच घरी करा, सगळ्या गटाला बोलवा आणि भरपूर मटण करा. मिरजेत तरी याहून मोठा मान दुसरा नाही. मुलगा खूश, मुले खूश, आणि उपकार तुमच्या घराचे.

येरळाकाठ

समुपदेशकताईंचे म्हणणे मी यजमानांना वाचून दाखवले. "आधी कळवायचे आणि मग फोन घ्यायचा" हे त्यांना लगेच पटले. मटणाचा बेत सासूबाईंना सर्वांत जास्त आवडला आहे; त्या गावाहून येणार म्हणतात, आणि त्या काय बोलतील याचा नेम नाही, हे गलाईच्या मुलाने लिहिले ते अगदी खरे आहे. गाडीबद्दल मी स्पष्ट सांगितले. तो तणतणला, पण "मित्रांना माझं नाव सांग" म्हटल्यावर गप्प झाला. मुंबईच्या दुकानाविषयी मी अद्याप काही काढलेले नाही. जतच्या मुलाला या रविवारी जेवायला बोलावले आहे, त्यानंतर पाहू.

नावाच्या घोळाचे कोणाला ठाऊक असल्यास लिहावे.

गलाईचा मुलगा

ते काम दिवाळीनंतर लगेच करा, टाळू नका. आमच्या भागातील बाहेरून परतलेल्या बहुतेक मुलांना ही अडचण येते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नावाची दुरुस्ती मुलगा शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत करता येते; शाळा सोडल्यानंतर ती फार कटकटीची होते. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना रजिस्टरमधील नावच पुढे जाते आणि तेच आयुष्यभर गुणपत्रिकेवर राहते. जन्मदाखला, तिकडचा शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांची कागदपत्रे जोडून अर्ज द्या, त्याप्रमाणे आधार नंतर सुधारून घ्या. आणि आडनाव, वडिलांचे नाव, स्वतःचे नाव कोणत्या क्रमाने व कसे लिहायचे, हे अर्ज भरताना त्यालाच विचारा.